नांदी चाळीस सेकंद उशिरा

गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमच्या गावी पौष महिन्यात कालोत्सव होतो आणि त्या निमित्ताने गावातील हौशी मंडळी देवळासमोरच्या रंगमंचावर मराठी नाटक करतात. त्या नाटकाचे थेट प्रक्षेपण करण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेले नाही. पणजीला संगणकावर काम करतो म्हणजे याला हेही येत असणार, असे देवस्थान समितीच्या बैठकीत ठरले आणि मला ते दुसऱ्या दिवशी फोनवरून कळले.

पहिल्या वर्षी नांदी सुरू झाली तेव्हा माझी आत्या पहिल्या रांगेत बसली होती. तिने शारजाला असलेल्या आपल्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन रंगमंचाकडे धरला होता, आणि तिकडे मुलीने समोरच्या टीव्हीवर आमचे प्रक्षेपणही लावले होते. इथे नांदीचे पहिले कडवे संपून दुसरे सुरू होत होते, तेवढ्यात फोनमधून, शारजाच्या त्या खोलीतून, पहिल्या कडव्याची सुरुवात आम्हाला पुन्हा ऐकू आली. पेटीवाल्याने वळून पाहिले. आत्याने घाईघाईने फोन बंद केला. नाटक संपल्यावर बहिणीचा मला निरोप आला, “दादा, हे खरंच थेट होतं की रेकॉर्डिंग लावलं होतंस?” घड्याळ लावून मोजले तेव्हा आमचे प्रक्षेपण रंगमंचापेक्षा चाळीस सेकंद मागे असल्याचे दिसले. आत्याचा कॉल मात्र अर्धा सेकंदही मागे नव्हता. दोन्ही चित्रे एकाच गावातून, एकाच मोबाइल टॉवरवरून आणि एकाच घरी जात असताना एवढा फरक का पडावा, हे शोधताना मला जे समजले ते येथे लिहून ठेवतो.

आधी आकारमानाचा हिशेब करावा लागतो. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे ५५ कोटी बिट होतात. आम्ही गावातून पाठवतो ते सेकंदाला २५ लाख बिट, म्हणजे मूळ ऐवजाचा सुमारे दोनशेविसावा भाग. हे आकुंचन एच.२६४ नावाची संहिता करते. २००३ साली ठरलेली ही संहिता आज जवळजवळ प्रत्येक फोनला वाचता येते. तिची युक्ती अशी की प्रत्येक चित्र पूर्ण पाठवायचे नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवायचे, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या चित्रांसाठी आधीच्या किंवा शेजारच्या चित्राच्या तुलनेत काय बदलले तेवढेच कळवायचे. मागचा पडदा तोच, खांब तेच, हलला तो नटाचा हात. मग हाताचीच बातमी द्यायची. यामुळे बचत प्रचंड होते, पण मधूनच येणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या कीफ्रेमपर्यंत काहीही दाखवता येत नाही, कारण त्याच्याकडे तुलनेसाठी मूळ चित्रच नसते. ही एवढीशी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आमच्या चाळीस सेकंदांतील मोठा वाटा तिच्यातूनच निघाला.

प्रक्षेपणाचा प्रवास एक नसून दोन आहेत, आणि मला पहिल्या वर्षी हेच ठाऊक नव्हते. गावातून सर्व्हरपर्यंतचा पहिला टप्पा आरटीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांनी, होतो. सर्व्हरपासून प्रेक्षकापर्यंतचा दुसरा टप्पा बहुतेक वेळा एचएलएसने होतो. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्यांनी कुळागर, म्हणजे आमच्याकडची पोफळीची बाग, पाहिले आहे त्यांना तो चटकन कळेल. आरटीएमपी हा पाटासारखा आहे. एकदा दांडी फोडली की पाणी अखंड वाहत राहते. एचएलएस म्हणजे भरून ओळीने मांडून ठेवलेल्या कळश्या. ज्याला हवी त्याने येऊन उचलावी, आणि ती रिकामी होण्याआधी पुढची न्यायला यावे.

आरटीएमपी मॅक्रोमीडिया कंपनीने आपल्या फ्लॅशसाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये चित्रफिती दाखवणाऱ्या प्रणालीसाठी, तयार केला. २००५ मध्ये ती कंपनी अडोबीने घेतली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार कायमचा काढून घेण्यात आला. मालक गेला, घर पडले, पण हा नोकर कामावरच राहिला. आजही कोणत्याही मोठ्या संकेतस्थळावर थेट प्रक्षेपण पाठवायला गेलात तर एक पत्ता आणि एक गुप्त किल्ली मिळते, आणि तो पत्ता सामान्यतः आरटीएमपीचा किंवा त्याच्या सुरक्षित आवृत्तीचा असतो. (आमच्या समितीतील एका उत्साही सदस्याने ही किल्ली दिसेल असा पडद्याचा फोटो गावच्या समूहावर टाकला होता. ती किल्ली ज्याच्या हाती, तो आमच्या नावाने काहीही दाखवू शकतो, हे समजावून सांगेपर्यंत तालमीची वेळ झाली. त्या रात्री किल्ली बदलली.)

या प्रोटोकॉलचे काम टीसीपी या इंटरनेटच्या मूळ वाहतूक-नियमावर, ठरलेल्या १९३५ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. आरंभी दोन्ही बाजू एकमेकांना ठरावीक आकाराचे संदेश पाठवून ओळख पटवतात, पाठवणारा ‘जोडणी हवी’ आणि मग ‘प्रकाशित करतो’ असे कळवतो, आणि त्यानंतर चित्र व आवाज एकाच जोडणीतून वाहू लागतात. त्यातील एक तपशील मला फार आवडला. चित्र आणि आवाज यांचे बारीक तुकडे करून ते एकमेकांत मिसळून पाठवले जातात, आणि वेगळे काही ठरले नसेल तर एका तुकड्याचा आकार जेमतेम १२८ बाइट असतो. आमच्याकडे खाण जोरात असताना रस्त्यावर खनिजवाहू ट्रकांची रांग लागली की मागचा दुचाकीवाला तासभर अडकत असे. कीफ्रेम हा तसा ट्रक आहे आणि आवाजाचे तुकडे या दुचाक्या. ट्रक सुटा करून भागाभागाने नेला तर मधून दुचाकी निघून जाते. चित्र क्षणभर अडखळले तरी प्रेक्षक सहन करतो, संवाद तुटला की उठून जातो. ज्यांनी ही रचना केली त्यांना हे माहीत असावे.

टीसीपीचा दोष त्याच्या गुणातच आहे. पाठवलेले माहितीचे प्रत्येक पाकीट क्रमाने आणि खात्रीने पोहोचवण्याची हमी तो देतो. त्यामुळे वाटेत एक पाकीट हरवले तर मागची सगळी पोहोचलेली पाकिटेही त्याच्यासाठी दारात खोळंबतात. शिवाय पाकिटे हरवू लागली म्हणजे रस्त्यावर गर्दी झाली असे समजून टीसीपी स्वतःचा वेग कमी करतो. काल्याच्या रात्री गावात आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे जमतात, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि टॉवर एकच. दुपारी चाचणी घेतली तेव्हा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला सहा मेगाबिट होता. रात्री दहा वाजता तो दोनच्या खाली आला. ओबीएस या प्रक्षेपण पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या खालच्या कोपऱ्यातील हिरवा चौकोन पिवळा झाला, मग लाल झाला, आणि जी चित्रे वेळेत पाठवता येत नव्हती ती ओबीएस टाकून देऊ लागला. दुसऱ्या अंकातील तलवारबाजी परदेशातल्या मंडळींनी जवळजवळ छायाचित्रांच्या रूपात पाहिली.

आता दुसरा टप्पा. दीडशे लोक प्रक्षेपणावरून नाटक पाहत होते. प्रत्येकाला २५ लाख बिट द्यायचे तर सेकंदाला साडेसदतीस कोटी बिट लागतात, आणि आमच्या हातात तेव्हा वीस लाखही नव्हते. म्हणून गावातून एकच प्रत निघते आणि तिच्या प्रती काढणे, वाटणे हे सर्व पुढे होते. या वाटपासाठी ॲपलने २००९ मध्ये एचएलएस आणला. आयफोनवर फ्लॅश चालत नव्हता आणि ॲपलला ते चालवायचेही नव्हते, तेव्हा दुसरा मार्ग काढणे भागच होते. त्यांनी काढलेला मार्ग इतका साधा आहे की प्रथम वाचताना काहीतरी सुटले आहे असे मला वाटले. वाहत्या चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा साधी फाइल म्हणून ठेवायचा आणि त्यांची यादी असलेली एक मजकुराची फाइल, म्हणजे एम३यू८, सोबत ठेवायची. प्रेक्षकाचा प्लेअर दर काही सेकंदांनी यादी पुन्हा मागवतो, तिच्यात नवा तुकडा दिसला की उतरवून घेतो आणि आधीच्या तुकड्याला जोडून दाखवतो. सर्व्हरला प्रेक्षक कोण, कुठवर आला, थांबला की गेला, याची काहीही नोंद ठेवावी लागत नाही.

या साधेपणातच त्याचे बळ आहे. फाइल देणे हे वेबचे जुने काम. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही, कचेरीतील फायरवॉल अडवत नाही, आणि मुख्य म्हणजे एकाने मागितलेली फाइल वाटेतील साठ्यात ठेवून पुढच्या हजार जणांना तिथूनच देता येते. असे साठे शहराशहरांत ठेवणाऱ्या व्यवस्थेला सीडीएन म्हणतात. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षकांपर्यंत गेला होता. एवढ्यांना तो पोहोचवता आला त्यामागे तुकडे करून ठेवण्याची हीच पद्धत आहे. २०१२ मध्ये डॅश नावाचे आंतरराष्ट्रीय मानकही आले. त्याची यादी वेगळ्या रूपात लिहिलेली असते, तत्त्व तेच.

दुसरा लाभ चोर्ला घाटात कळतो. सर्व्हर एकाच नाटकाच्या तीन-चार प्रती, उत्तम, मध्यम आणि जेमतेम अशा दर्जाच्या, तयार ठेवतो आणि प्रत्येकीची वेगळी यादी असते. माझा एक भाचा बेळगावहून बसने येत होता आणि वाटेत फोनवर नाटक पाहत होता. घाटाच्या वळणांवर नेटवर्क क्षीण झाले की त्याचा प्लेअर पुढचा तुकडा हलक्या प्रतीतून मागवायचा आणि केरीला उतरल्यावर पुन्हा वरच्या प्रतीकडे जायचा. चित्र धूसर झाले, पण नाटक तुटले नाही. हा निर्णय सर्व्हर घेत नाही. कळशी किती मोठी उचलायची हे उचलणाराच आपली ताकद पाहून ठरवतो.

याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय यादीत येत नाही, आणि प्लेअर अगदी ताज्या तुकड्यापासून सुरुवात न करता साधारण तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो, म्हणजे एखादा तुकडा यायला उशीर झाला तरी हाताशी शिल्लक असते. ॲपलने प्रथम दहा सेकंदांचा तुकडा सुचवला होता, पुढे तो सहावर आणला. सहाचे तीन म्हणजे अठरा सेकंद तर नुसत्या शिलकीतच गेले.

मग आमचे चाळीस कसे झाले? ती चूक माझी होती. तुकडा कुठेही कापता येत नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात कीफ्रेमने व्हावी लागते, नाहीतर तो स्वतंत्रपणे दाखवता येत नाही. ओबीएसमध्ये कीफ्रेमचे अंतर मी ‘स्वयंचलित’ ठेवले होते, आणि त्याचा अर्थ तेथे २५० चित्रांनंतर एक कीफ्रेम असा होतो. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे दहा सेकंद. दृश्य एकदम बदलले तर मध्येही कीफ्रेम टाकली जाते. पण आमचा कॅमेरा तिपाईवर एका जागी रोवलेला आणि समोर तोच पडदा, त्यामुळे दृश्य बदलण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व्हरवर आम्ही पाच सेकंदांचा तुकडा सांगितला होता, तरी बिचारा दहा सेकंद कीफ्रेमची वाट पाहत राहिला. दहाचे तीन तीस, आणि उरलेले आकुंचनात, मोबाइलच्या खोळंब्यात आणि वाटपात गेले. दुसऱ्या वर्षी कीफ्रेम दोन सेकंदांवर आणि तुकडा चार सेकंदांवर ठेवला, तेव्हा अंतर वीस सेकंदांच्या आत आले. एक आकडा बदलायचा होता, आणि तो शोधायला मला अकरा महिने लागले.

आत्याचा कॉल मात्र निराळ्या घराण्यातला. अशा कॉलमागे असतो तो टीसीपीऐवजी यूडीपी. तो पाकीट सोडून देतो आणि पोहोचले का म्हणून विचारत नाही. हरवले ते हरवले. ऐकणाऱ्याचा फोन गाळलेली जागा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. ब्राउझरमध्ये याच पद्धतीचे बोलणे शक्य करणारा वेबआरटीसी गूगलने २०११ मध्ये खुला केला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो अधिकृत मानक झाला. त्यात दोन फोन शक्यतो थेट एकमेकांशी बोलू पाहतात, आणि मधले राउटर आड आले तर मध्यस्थ सर्व्हरची मदत घेतात. शिल्लक जवळजवळ ठेवायचीच नाही, त्यामुळे विलंब अर्ध्या सेकंदाच्या आत राहतो.

मग नाटकही त्यानेच का पाठवू नये, असे मला समितीतील तरुण मंडळी दरवर्षी विचारतात. त्यांना मी चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, उदाहरण देतो. आमच्या घरी चवथीला घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने घुमट आरती होते आणि परदेशातील भावंडे कॉलवर टाळ्या वाजवत सामील होतात. तिथे वीस सेकंदांचा विलंब चालणार नाही. पण त्या कॉलवर घुमट ऐकून पाहा. बोलण्यासाठी बनवलेली ही व्यवस्था माणसाचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट पुसते, आणि घुमट, शामेळ व कांसाळे या वाद्यांना ती गोंगाटच समजते. तिकडे भावाला आरतीचे शब्द ऐकू येतात आणि घुमट मध्येच पाण्यात बुडाल्यासारखे होते. सेटिंग बदलून हे टाळता येते, परंतु साध्या फोन कॉलमध्ये ती सोय सहसा हाताशी नसते. शिवाय वेबआरटीसीत प्रत्येक प्रेक्षकाची जोडणी सर्व्हरला स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. साठ्यातली फाइल उचलून देण्याची सोय तिथे नाही, त्यामुळे प्रेक्षक वाढले की खर्चही वाढतो. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याला विलंब नको. ज्याला फक्त पाहायचे आहे त्याला अखंड चित्र हवे. नाटकाच्या प्रेक्षकाला नटाशी बोलायचे नसते. विलंब कमी करण्यामागे सध्या सगळेच धावत आहेत, आणि लिलाव, वर्ग किंवा फुटबॉल यांसाठी ते योग्यही आहे, कारण शेजारच्या घरातून गोलची आरोळी आधी आली तर आपल्या पडद्यावरच्या गोलात काही उरत नाही. आमच्या काल्याला मात्र मी ते वीस सेकंद आनंदाने देईन. ॲपलने २०१९ मध्ये कमी विलंबाचा एचएलएस आणला, त्यात तुकड्याचेही तुकडे तयार होतील तसे यादीत टाकले जातात. तो मी घरी लावून पाहिला, तीन-चार सेकंदांवर आलो, आणि फोनचे नेटवर्क जरा डळमळताच चित्र थांबू लागले तेव्हा पुन्हा मूळ पदावर आलो.

आणखी एक मागणी गेल्या वर्षी आली. देवळात आता सुरक्षेचे कॅमेरे आहेत, तेव्हा गाभाऱ्यासमोरच्या कॅमेऱ्यातून कायमचे थेट दर्शन द्यावे. असे कॅमेरे आरटीएसपी नावाचा १९९८ चा प्रोटोकॉल बोलतात, जो ‘चालू कर’, ‘थांब’ अशा आज्ञा देण्यासाठी आहे आणि प्रत्यक्ष चित्र सामान्यतः आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलने पाठवतो. ब्राउझरला ती भाषा कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषा संगणक ठेवून एचएलएस करावे लागते. कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने सोपा उपाय सुचवला होता, तो म्हणजे राउटरमधून कॅमेऱ्याचे दार थेट इंटरनेटला उघडावे. कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून कारखान्यातून आला तोच होता. देवाचे दर्शन सर्वांना व्हावे याला माझी हरकत नव्हती, पण त्याच दारातून फंडपेटीवरचा कॅमेराही दिसला असता. समितीने हा विषय पुढील सभेपर्यंत ठेवला आहे.

खरा दुबळा दुवा अजूनही पहिला टप्पाच आहे, आणि त्यावर यंदा एसआरटी नावाचा प्रोटोकॉल वापरून पाहणार आहे. हायव्हिजन कंपनीने तो २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो यूडीपीवरच चालतो, पण हरवलेले पाकीट पुन्हा मागतो. मात्र आपण ठरवलेल्या मुदतीतच. मुदत संपली की त्या पाकिटाचा नाद सोडून पुढे जातो, टीसीपीसारखा सगळ्यांना दारात खोळंबून ठेवत नाही. त्याची मूळ मुदत १२० मिलिसेकंदांची आहे, ती आमच्या टॉवरला पुरणारी नाही. पाकीट जाऊन उत्तर यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट मुदत ठेवावी असा ठोकताळा आहे. मी सरळ दोन सेकंद ठेवणार आहे, कारण पुढे अठरा जाणारच आहेत. फोंड्याला एका मित्राकडे फायबरची जोडणी आहे. त्याचा संगणक गावातून आलेले एसआरटी घेईल आणि आरटीएमपी करून सर्व्हरला देईल. दुपारी रिकाम्या टॉवरवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही हे आता कळले आहे, म्हणून गावात पुढच्या महिन्यात भजनी सप्ताहाची गर्दी असेल त्याच रात्री, दहा वाजता, रंगमंचाच्या मागच्या खोलीत बसून ही चाचणी करायची आहे. मित्राने तोवर जागे राहण्याचे कबूल केले आहे.